तीन कुलपांचा पक्ष

मित्रांनो, दिसायला मी काही फार देखणी नाही. गुडघ्याएवढी उंच, दीड हात लांब, जुन्या बॉयलरच्या जाड पत्र्यातून घडवलेली लोखंडी पेटी आहे मी. माझा हिरवा रंग केव्हाच उडाला आहे आणि दोन कड्यांपैकी एक तुटली आहे. पण माझ्या पुढच्या बाजूला तीन कोयंडे आहेत आणि तिन्हींत तीन कुलपे लटकतात. एवढी कुलपे पाहून लोकांना वाटते, हिच्या पोटात सोनेनाणे असणार. सोने कसले! आत एक रबरी शिक्का आहे, शाईची गादी आहे आणि एक जाडजूड वही आहे. एका छोट्याशा पक्षाची सगळी मालमत्ता ती एवढीच.

हा पक्ष कोणाचा, ते आधी सांगते. शहराच्या टोकाला, जिथे डांबरी रस्ता संपतो, तिथे एक वस्ती होती. तीत तीन तऱ्हेचे लोक राहत. डोंगरातून खाली आलेले लोक खाणीत दगड फोडत. खाडीचे लोक जाळी विणत आणि होड्या चालवत. तिसरे पलीकडचे. त्यांचे आजे-पणजे सीमा ओलांडून आले होते आणि ते शिवणकाम करत. तिघांच्या भाषा वेगळ्या, देव वेगळे, भांडणाच्या तऱ्हासुद्धा वेगळ्या. शहराला मात्र हा फरक कधी दिसला नाही. शहर तिघांनाही ‘ते लोक’ म्हणे आणि दाखला मागायला गेले की तिघांनाही सारखेच ताटकळत ठेवी. म्हणून तिघांनी मिळून पक्ष काढला.

पहिल्या वर्षीच त्यांना दगा झाला. एका पुढाऱ्याने पक्षाचा शिक्का खिशात घालून नेला आणि एका कागदावर मारून दिला. ‘वस्तीमागचा डोंगर फोडायला आमची हरकत नाही,’ असे त्या कागदावर लिहिले होते. दोन महिन्यांत डोंगरातल्या लोकांची अर्धी घरे सुरुंगाने उडाली. पुढारी कुठल्या जमातीचा होता, ते मी सांगणार नाही. तिन्हीकडे तसली माणसे असतात.

त्यानंतर एका लोहाराला सांगून मला बनवण्यात आले. घडवताना तो सारखा पुटपुटत होता, ‘शिक्का एवढासा आणि पेटी केवढी!’ पण त्याने हात राखून काम केले नाही. नियम असा ठरला की शिक्का माझ्यातच राहील आणि तिघे किल्लीवाले बरोबर असल्याशिवाय मी पक्षाच्या कचेरीबाहेर जाणार नाही. किल्ल्या तिघांकडे तीन. एकाची किल्ली दुसऱ्या जमातीच्या हातात एक क्षणसुद्धा जायची नाही. किल्लीवाला नेमायचा तो त्या त्या लोकांनी बैठक घेऊन. आणि काम झाले की मला लगेच पुन्हा बंद करायचे, मग दुसरे काम पाच मिनिटांनी असले तरी.

कचेरी म्हणजे शिलाईकाकूच्या दुकानामागची खोली. काकू पलीकडच्यांपैकी. तिच्या गळ्यात मोजमापाची पट्टी असे आणि त्याच पट्टीला किल्ली बांधलेली असे. डोंगरातल्यांची किल्ली मुकादमाकडे. तो खाणीत तीस माणसांवर मुकादम होता, पण स्वतःचा घण खाली ठेवायला तयार नसे. तिसरी किल्ली खाडीच्या तात्यांकडे. तात्यांनी ती बनियनच्या आतल्या खिशात ठेवलेली असे आणि काढताना प्रत्येक वेळी त्यांना शिंक येई. मी कापड बेतायच्या टेबलाखाली बसे. माझ्यावर चिंध्या पडत, खडूची पूड पडत असे, आणि सभेला गर्दी झाली की एखादा जाडजूड माणूसही बसत असे.

त्या सभा काय सांगू! प्रत्येक वाक्य तीनदा बोलले जाई. चहा निवून जाई, मुद्दा निवून जाई, पण तिसऱ्या भाषेत सांगितल्याशिवाय पुढे सरकायचे नाही. कोणी विनोद केला तर हशा तीन हप्त्यांत येई. खाडीचे हसून डोळे पुसत तेव्हा कुठे पलीकडच्यांना गंमत कळू लागे. शहरातले लोक आम्हाला ‘तीन कुलपांचा पक्ष’ म्हणून चिडवत. मला त्याचा राग येत नसे. कुलपे माझी होती ना, मी फुगून जात असे.

आम्ही एकच जागा लढवायचो आणि एकच जिंकायचो. नगरसभेत तात्या आमचे एकटे सभासद. पण त्या एकट्याची किंमत मोठी होती. वस्ती हटवण्याचा ठराव आला आणि एका जरी सभासदाने हरकत घेतली, तरी तो चौकशी समितीकडे पाठवावा लागे. समितीत तो दोन-तीन वर्षे पडून राही. शहराला आमच्या वस्तीवरून रुंद रस्ता न्यायचा होता. तात्या सोळा वर्षे सभेत गेले आणि या सोळा वर्षांत पाचदा उठून म्हणाले, “माझी हरकत आहे.” बाकी त्यांनी सभागृहात फारसे तोंड उघडले नाही. भाषणे करायला तिथे दुसरे पुष्कळ होते. वस्तीतली मुले ‘हरकत, हरकत’ असा खेळ खेळत आणि जो तात्या होई त्याला कोणी बाद करू शकत नसे.

मग तात्या थकले. निवडणूक जवळ आली तेव्हा ते सभेत म्हणाले, “आता दोन वाक्यं बोललो की दम लागतो. हरकत एका वाक्याची असली तरी जिना दोन मजल्यांचा आहे. या वेळी काकू उभी राहू दे.” यावर तीन आठवडे, तीन भाषांत चर्चा झाली आणि काकूचे नाव ठरले. तोपर्यंत तात्यांनी अंथरूण धरले होते.

अर्जावर पक्षाचा शिक्का लागतो. म्हणजे मला उघडायला हवे होते. पण तात्यांची किल्ली त्यांच्या उशाखाली होती, आणि आजारी माणसाच्या उशाखालची किल्ली मागायची कशी? किल्ली मागणे म्हणजे ‘तुम्ही आता उठत नाही’ असे तोंडावर सांगणे. काकू रोज त्यांच्याकडे जाई, त्यांना पेज भरवी आणि परत येई. मुकादम विचारी, “काढलात का विषय?” काकू म्हणे, “उद्या जरा बरं वाटेल त्यांना. उद्या काढते.” असे करता करता अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस उजाडला. मुदत दुपारी तीनपर्यंत होती.

साडेदहाच्या सुमाराला तात्यांची लेक दारात आली. पायात चपला नव्हत्या. तिने मूठ उघडली.

“काकू, बाबा गेले. सकाळीच. ही घ्या किल्ली.”

काकूने तिला जवळ घेतले. दोघी रडल्या. मग काकूचा हात किल्लीकडे गेला आणि अर्ध्या वाटेवरून मागे आला.

“मला नको देऊस गं. ती माझ्या हातात येता कामा नये. तू लाव.”

“मी कशी लावू? मला कुणी नेमलंय?”

“अगं, तुझ्या बापाची किल्ली आहे.”

“बाबांची नाही, खाडीच्या लोकांची आहे. बाबाच सांगायचे तसं.”

तिचे बरोबर होते. पण खाडीच्या लोकांत एक रीत होती. गेलेल्या माणसाला पोचवून आल्याशिवाय ते बैठकीला बसत नसत. आणि बैठकीशिवाय नेमणूक नाही.

तेवढ्यात मुकादम आला. त्याने सगळे ऐकून घेतले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि मला टेबलाखालून ओढून बाहेर काढले.

“सरका,” तो म्हणाला आणि त्याने घण उचलला. “एका घावात मोकळं होतंय हे.”

“मुकादम, ते कुलूप तात्यांचं आहे.”

“तात्या असते तर तेच म्हणाले असते, फोड म्हणून.”

“आहेत का ते म्हणायला?” काकूचा आवाज चढला. “अजून अंगणातून उचललेलं नाही त्यांना. आणि आज, आजच्याच दिवशी, डोंगरातल्या माणसाने खाडीचं कुलूप फोडलं, असं होऊ देऊ मी? उद्या खाडीतला एक माणूस तरी मत देईल का मला? मागे शिक्का चोरीला गेला, तेव्हा काय काय झालं ते विसरलात?”

मुकादम विसरला नव्हता. सुरुंगाने उडालेल्या घरांत त्याचे घर होते. तो लेकीकडे वळला. “पोरी, तू सांग. तू हो म्हणालीस तर फोडतो.”

ती बिचारी एकदा माझ्याकडे, एकदा घणाकडे बघत राहिली. बाप गेल्याला चार तास झाले नव्हते. “मी काय सांगू, काका? आमच्या लोकांना विचारा.”

मुकादमाने घण भिंतीला टेकवून ठेवला. मित्रांनो, मी तुमच्याशी खोटे बोलणार नाही. त्या क्षणी मला बरे वाटले. तिघेही माझा मान राखत आहेत, असे मला वाटले. तिघे एकमेकांचा मान राखत होते आणि तिघांचेही बरोबर होते, म्हणूनच त्या खोलीतले कोणी हलले नाही.

खाडीचे लोक सव्वा वाजता आले. तात्यांना पोचवून ते तसेच, तोंडेही न धुता आले होते. काकूच्या खोलीतच बैठक बसली. पण त्यांच्यातही दोन मते पडली. काही म्हणाले, किल्ली लेकीकडे राहू दे. काही म्हणाले, पुतण्याला द्या, तो नगरसभेत जाण्याजोगा आहे. घड्याळ दिसत असूनही त्यांचे बोलणे थांबेना, कारण अशा गोष्टीत घाई करणे म्हणजे तात्यांचा अपमान. दोन वाजता लेकीला नेमले. मुकादमाने कुलूप उघडले, काकूने उघडले. लेकीने किल्ली लावली, पण ती फिरेना. तात्या किल्ली आत सारून मग गव्हाच्या दाण्याएवढी मागे ओढत आणि फिरवत. ही खुबी फक्त त्यांना ठाऊक होती. तिला पंधरा मिनिटे लागली.

झाकण उघडले. काकूने अर्ज तिन्ही भाषांत वाचला, कारण न वाचलेल्या कागदावर शिक्का मारायचा नाही हा दुसरा नियम. ती इतक्या भरभर वाचत होती की कोणालाच काही कळले नसेल. शाईची गादी वाळली होती. तिने गार झालेला चहा तिच्यावर ओतला आणि शिक्का मारला. मग तिघांनी मला बंद केले. हो, तिन्ही कुलपे लावली. कोणी विचारही केला नाही. इतक्या वर्षांचा हात होता तो.

मागच्या वेळी निवडणूक कचेरीतल्या साहेबांनी आणखी एका प्रतीवर शिक्का मागून परत पाठवले होते. म्हणून या वेळी मलाही टेंपोत चढवले. तीनला दहा मिनिटे कमी असताना आम्ही निवडणूक कचेरीशी पोचलो. अर्ज दुसऱ्या मजल्यावर घेत होते. काकू कागद घेऊन पुढे पळाली. मुकादमाने मला पाठीवर घेतले आणि तात्यांची लेक मागून हात लावत होती. मी जड आहे, याचा मला जन्मभर अभिमान होता. त्या जिन्यावर मुकादमाच्या मानेच्या शिरा तटतटलेल्या दिसल्या आणि तो अभिमान गळून पडला. पहिल्या मजल्यावर त्याने मला टेकवले. पुढे अर्ध्या जिन्यात पुन्हा टेकवले.

वर खिडकीतले साहेब काकूला सांगत होते, “अर्ज ठीक आहे. पण या सोबतच्या प्रतिज्ञापत्रावर शिक्का कुठाय?”

काकूने कागद पाहिला. घाईत ते पान राहून गेले होते. तिच्यासारख्या बाईच्या हातून. आयुष्यात ती एक बटण विसरली नसेल.

“शिक्का येतोय, साहेब. जिन्यात आहे.”

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसले.

आम्ही पोचलो तेव्हा तीनला चार मिनिटे कमी होती. मुकादमाने मला खिडकीसमोर आपटले आणि त्याचे कुलूप निघाले. काकूचेही निघाले. लेक गुडघ्यावर बसून तिसऱ्या कुलपाशी झटू लागली. किल्ली कधी जास्त मागे येई, कधी कमी. मुकादम म्हणाला, “घण!” आणि मग त्याला आठवले की घण काकूच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवला आहे. त्याने बुटाने लाथ मारली. मुठीने मारले. मित्रांनो, मी स्वतःहून फुटू शकत असते तर तेव्हा फुटले असते. पण लोहाराने मला चांगले घडवले होते.

“साहेब, दोन मिनिटं. तुम्ही बघताय ना.”

“बघतोय, बाई. घड्याळ माझ्या हातात नाही.” साहेब वाईट नव्हते. बरोबर तीन वाजेपर्यंत ते थांबले आणि मग त्यांनी खिडकी लावून घेतली. तिसरे कुलूप निघाले तेव्हा तीन वाजून चार मिनिटे झाली होती.

तिन्ही कुलपे पुन्हा लावून खाली उतरताना कोणी कोणाशी बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र सगळे बोलू लागले. खाडीचे म्हणाले, काकू पान विसरलीच कशी? पलीकडचे म्हणाले, यांनी पाऊण तास वाद घातला. डोंगरातले म्हणाले, घण उचलला होता, तेव्हा आडवे कोण आले? हे सगळे ज्याने त्याने आपापल्या भाषेत म्हटले. एकमेकांना समजावून सांगायला आता कोणी उरले नव्हते.

नव्या नगरसभेच्या पहिल्याच बैठकीत रुंद रस्त्याचा ठराव आला. अध्यक्षांनी विचारले, कोणाची हरकत? कोणाचीच नव्हती. काकू प्रेक्षकांच्या बाकावर बसली होती. ती उभी राहिली तर शिपायाने तिला खाली बसवले. पुढच्या विषयाला लागायला त्यांना अर्धे मिनिटही लागले नाही, असे ती नंतर रिकाम्या खोलीत माझ्यासमोर बसून सांगत होती.

तीन महिन्यांनी यंत्रे आली. आधी खाडीकडची घरे पाडली, मग डोंगरातल्यांची, मग शिवणकामाची गल्ली. सामान काढायला एक सकाळ दिली होती. जो तो आपले घर वाचवण्यात गुंतला होता. काकू एकटीच होती आणि तिच्याने एकच जड वस्तू उचलवणार होती. तिने शिलाईचे यंत्र उचलले. मला राग आला नाही, असे म्हटले असते तर शोभले असते. पण आला. दुपारपर्यंत पाडकामाची माणसे माझ्यापर्यंत पोचली आणि मला ट्रकमध्ये टाकून या गोदामात घेऊन आली.

इथे माझ्या अंगावर क्रमांकाचा कागद चिकटवला आहे आणि झाकणाच्या फटीवर लाखेची मोहोर आहे. शेजारी मोडक्या खुर्च्या आहेत, एक पाळणा आहे, कोणाचे तरी दार आहे. मुकादम दूरच्या एका खाणीवर गेला आहे. तिथे तो मुकादम नाही, साधा मजूर आहे. तात्यांची लेक नातेवाइकांकडे राहते. काकू कुठल्याशा पुलाजवळ कपडे दुरुस्त करते.

मागच्या आठवड्यात ती इथे आली होती. केस पांढरे झाले आहेत तिचे. तिने गोदामवाल्याला सांगितले, “ती पेटी आमच्या पक्षाची आहे. तिच्यात वही आहे. वस्तीत कोण, कुठल्या घरात, कधीपासून राहत होतं, सगळं तारीखवार लिहिलंय. पाडलेल्यांना खोल्या मिळणार आहेत, पण जुनी नोंद दाखवा म्हणतात. तीनशे बारा घरं आहेत, भाऊ. कुणाकडेच दुसरा कागद नाही. या महिन्याअखेरची मुदत आहे.”

गोदामवाल्याने रजिस्टर उघडले. “पेटी पक्षाच्या नावावर जप्त आहे. पक्षाचं पत्र आणा, शिक्क्यासकट. लगेच देतो.”

“शिक्का पेटीत आहे.”

“मग पेटी उघडून काढा.”

“उघडू देता?”

“पत्र आणलंत की देतो ना.”

काकू हसली. मग हसता हसता पाळण्याच्या कडेवर बसली. म्हणाली, “मग फोडा. तुमच्या हाताने फोडा. माझी काही हरकत नाही.”

“बाई, जप्तीतली वस्तू फोडायला बंदी आहे. नियम आहे तो.” त्याने रजिस्टर मिटले. मग जरा नरमाईने म्हणाला, “लिलावापर्यंत थांबा. लिलावात घेणारा फोडेलच.”

“लिलाव कधी?”

“पुढच्या महिन्यात.”

मित्रांनो, बाकीच्या जुन्या वस्तू तुम्हाला म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला पुसा, अडगळीत टाकू नका. मी ते म्हणणार नाही. मला फार जपले गेले. तुम्ही मोठे व्हाल, चार माणसांत मिळून काही कराल, तेव्हा तुम्हीही नियम कराल. जरूर करा, दगा खाल्लेल्या माणसांना नियम लागतातच. पण तो नियम कोणाच्या घरासाठी केला, हे त्याच्या शेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

महिनाअखेरीला आता दोन दिवस आहेत. तीनशे बारा घरे माझ्या पोटात आहेत. तुमच्यापैकी कोणाच्या घरी घण असेल, तर घेऊन या आणि मला फोडा.